‘आणलंस ना, आता निस्तर’

पत्र, थोडक्यात: सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका बाईंनी लिहिलं आहे. त्या पतसंस्थेत नोकरी करतात. घरी नवरा, सासूबाई आणि सहा वर्षांची मुलगी. रविवारी बाजार करून येताना एसटी स्टँडमागच्या गटाराशेजारी कुत्र्याचं दीड-दोन महिन्यांचं पिल्लू थंडीनं कुडकुडत बसलेलं दिसलं. लेकीनं हट्ट धरला, यांनाही राहवलं नाही. ओढणीत गुंडाळून घरी आणलं. आल्या आल्या आंघोळ घातली, वाटीभर दूध दिलं, चिंगी नाव ठेवलं. सोमवारी रात्री उलट्या सुरू झाल्या आणि मंगळवारी पहाटे रक्ताची शी. डॉक्टरांनी तपासणीचं किट लावून पार्वो, म्हणजे कुत्र्यांच्या आतड्याला होणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार, असल्याचं सांगितलं. सकाळ-संध्याकाळ सलाईन आणि इंजेक्शनं, किमान पाच दिवस, रोजचे बाराशे ते पंधराशे, आणि तरी वाचेलच असं नाही. ‘नाहीतर झोपवता येईल, घरी विचार करून सांगा,’ असंही ते म्हणाले, म्हणजे इंजेक्शन देऊन शांतपणे मरण देता येईल. सासूबाई म्हणतात, ‘आमच्या वेळी कुत्री भाकरीच्या तुकड्यावर वाढली, असले रोग नव्हते. आणलंस ना, आता निस्तर. पण घरात लेकरू आहे हे विसरू नकोस.’ नवरा म्हणतो, एवढ्या पैशांत जातिवंत पिल्लू आलं असतं. शेजारणीनं ऐकवलं, आईपासून तोडलंस म्हणून आजारी पडलं. पहिल्या दोन दिवसांचे पैसे बाईंनी भिशीतून भरले आहेत आणि घरात कुणाला सांगितलेलं नाही. त्या विचारतात: ‘मी तिला उचलायलाच नको होतं का? आता मध्येच थांबले तर पाप, आणि घराला न जुमानता करत राहिले तर तेही चूक. एकदा जीव घरात आणला की शेवटपर्यंत करायलाच हवं ना?’

ताई,

तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, मी आधी तिथेच थांबते. ‘दूध पाजताना तिचे दात लेकीच्या बोटाला लागले, जरा रक्त आलं, हळद दाबली.’ चिंगीचं काय करायचं ते नंतर बोलू. आधी लेकीला घेऊन ग्रामीण रुग्णालय गाठा, आजच. पिल्लू एवढंसं आहे म्हणून त्याला रेबीज नसेल असं धरून चालत नाही, आणि रस्त्यावरच्या पिल्लाला आधी कोण चावून गेलंय हे कुणालाच ठाऊक नसतं. बोट साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. मध्ये दिवस गेले असले तरी धुवा. रक्त आलेला चावा डॉक्टर सर्वांत गंभीर प्रकारात धरतात. त्यात लसीबरोबर जखमेत आणि जखमेभोवती रेबीजविरोधी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही, द्यावं लागतं. ते तिथे नसेल तर जिल्हा रुग्णालयात पाठवतील. कंटाळा न करता जा. लस सरकारी रुग्णालयात फुकट मिळते, दंडाच्या कातडीत देतात, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच बंद झाली, हे सासूबाईंनाही सांगा. ‘दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवू, मग बघू’ असं कुणीतरी सुचवेल. ते इथे चालणार नाही. चिंगी या दहा दिवसांत दगावली तर ती पार्वोनं गेली की आणखी कशानं, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. आणि तुमच्या हातांवर ओरखडे असतील तर केसपेपर स्वतःच्या नावाचाही काढा.

आता चिंगी.

शेजारणीचं बोलणं तुम्हाला सगळ्यांत जास्त लागलंय असं पत्रावरून दिसतं, म्हणून ते आधी निकालात काढू. पार्वोचा विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, कधी त्याहून जास्त. तुम्ही तिला रविवारी उचललं आणि सोमवारी रात्री उलटी झाली. म्हणजे ती आजार घेऊनच तुमच्या ओढणीत आली. आईजवळ राहिली असती तरी तो उफाळलाच असता, कारण आईकडून मिळालेलं संरक्षण याच वयात ओसरायला लागतं. फरक एवढाच पडला असता की सोमवारची ती उलटी गटाराच्या कडेला झाली असती आणि तुमच्या शेजारणीला दिसली नसती.

आंघोळीनं आणि दुधानंही पार्वो होत नाही. पण पुढच्या वेळी, आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी सांगते, रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाला पहिल्या दिवशी आंघोळ घालू नये. कितीही मळकं असो, पिसवा असोत. एवढ्याशा जिवाला अंगाची ऊब टिकवणं जड जातं आणि ओलं झालं की ते थंड पडतं. कोरड्या फडक्यानं पुसावं, गोधडीत ठेवावं, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवावं. गाईचं दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही. मऊ भात आणि उकडलेल्या कोंबडीचं पाणी चालतं.

सासूबाईंच्या बोलण्यात मात्र तथ्य आहे. कुत्र्यांमधला हा पार्वो १९७८ च्या सुमाराला प्रथम ओळखला गेला आणि बघता बघता जगभर पसरला. त्यांच्या लहानपणी खरंच हा रोग नव्हता. नातीची काळजीही अस्थानी नाही, फक्त तिचा रोख चुकलाय. कुत्र्याचा पार्वो माणसाला होत नाही. पण रस्त्यावरच्या पिल्लाच्या पोटात जंत असतात, ते मुलांना होऊ शकतात, आणि रेबीजचं वर सांगितलंच. तेव्हा चिंगी बरी होईपर्यंत लेकीनं तिला हात लावायचा नाही, दारातून बघायचं, हा नियम तुम्ही स्वतः जाहीर करा. तुम्ही आपण होऊन नातीचा विचार केलेला दिसला की सासूबाईंचा निम्मा विरोध मावळेल, असा माझा अंदाज आहे.

तुमचा मुख्य प्रश्न शेवटचा. एकदा जीव घरात आणला की शेवटपर्यंत करायलाच हवं. हे ऐकायला फार चांगलं आहे आणि दवाखान्यात याच समजुतीनं घोळ होतो. ज्या कामाला हद्द दिसत नाही त्याला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धास्तावतो. पहिल्या दिवशी डोळे पुसत हजार रुपये काढून दिले जातात. दुसऱ्या दिवशीही पिल्लू तसंच मलूल. तिसऱ्या दिवशी कुणी फिरकत नाही, फोन लागत नाही. पैसे गेले, पिल्लू गेलं, आणि मधले दोन दिवस त्याला सुया टोचल्या त्याही वाया. तुमचे डॉक्टर पहिल्याच भेटीत झोपवण्याबद्दल बोलले हे तुम्हाला निर्दय वाटलं. मला नाही वाटलं. त्यांनी असे अर्ध्यावर सोडलेले उपचार पुष्कळ पाहिले असणार.

म्हणून तुम्ही हद्द आखा. आत्ता, डोकं जाग्यावर असताना. पहाटे तीनला ती विव्हळत असताना कुणालाच धड ठरवता येत नाही.

हद्द कशी आखायची हे समजायला आजार थोडा समजून घ्यावा लागेल. पार्वो आतड्याचं आतलं अस्तर सोलून काढतो आणि हाडांतल्या मज्जेत पांढऱ्या पेशी तयार होणंही रोखतो. अंगातलं पाणी उलटी-जुलाबावाटे जातं, आतड्यातले जंतू रक्तात शिरतात आणि त्यांच्याशी लढायला पेशी उरत नाहीत. नेहमीच्या उपचारात या विषाणूला मारणारं औषध नसतं. सलाईन पाणी भरून काढतं, उलटी थांबवायचं इंजेक्शन पोटाला उसंत देतं, प्रतिजैविक दुसऱ्या जंतूंना आवरतं, आणि तेवढ्या अवधीत पिल्लाचं शरीर स्वतःच विषाणूवर मात करतं. सगळा खेळ दिवस काढण्याचा आहे. बरीचशी पिल्लं लक्षणं दिसल्यापासून पहिल्या तीन-चार दिवसांत जातात. तेवढे दिवस काढलेलं पिल्लू बहुधा वाचतं.

काहीच केलं नाही तर दहातली नऊपर्यंत दगावतात. चांगले उपचार मिळाले तर चित्र जवळपास उलटं होतं. तालुक्याच्या गावी पिल्लाला भरती करून घ्यायची सोय क्वचित असते, रोज ने-आण करावी लागते, आणि ‘मग काय उपयोग’ असं लोकांना वाटतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात नेमकं हेच पाहिलं गेलं: भरती केलेल्या २० कुत्र्यांपैकी १८ वाचली, आणि आधी शिरेतून सलाईन देऊन सावरल्यावर पुढचे उपचार बाहेरून घेतलेल्या २० पैकी १६. अभ्यास छोटा आहे, आणि तिथली पिल्लं गटाराशेजारून उपाशीपोटी आलेली नव्हती. चिंगीची शक्यता त्याहून कमी धरा. पण ने-आण करून केलेले उपचार म्हणजे नुसती मनाची समजूत, असंही नाही.

तेव्हा आज संध्याकाळी डॉक्टरांना सरळ विचारा: पाच दिवसांचा सगळा मिळून किती खर्च, यातलं काय केल्याशिवाय चालणारच नाही आणि काय वगळता येईल, आणि ती सुधारतेय की खालावतेय हे तुम्ही कशावरून ओळखाल. मग घरी बसून एक रक्कम ठरवा आणि एक दिवस. तुमच्या घराला सात हजार झेपतील की चार, हे मला इथून सांगता येणार नाही. आकडा लिहिताना अपराधी वाटेल. वाटू दे, पण लिहा. माझं विचाराल तर उपचार सुरू झाल्यापासून चार पूर्ण दिवस द्यावेत, त्यात एकही सलाईन चुकवू नये, आणि चौथ्या दिवशी डॉक्टरांबरोबर पुन्हा बसावं. तोपर्यंत उलट्या थांबून ती मान वर करून बघायला लागली असेल तर पुढचा एखादा दिवस ताणून न्यायला हरकत नाही.

चौथ्या दिवशीही रक्त थांबलं नसेल, हिरड्या पांढऱ्याफटक आणि अंग गार असेल, हाक मारल्यावर डोळासुद्धा हलत नसेल, आणि डॉक्टरही मान हलवत असतील, तर त्यांना झोपवायला सांगा. तुम्ही पापाचं विचारलंय. पाप-पुण्याचा हिशोब मला येत नाही. पण उकिरड्यावर तहानेनं तडफडून मरणं आणि मांडीवर, भूल दिल्यावर, कळसुद्धा न येता जाणं यातला फरक मला कळतो. मात्र आज, पहिल्या-दुसऱ्या दिवशी, केवळ खात्री नाही म्हणून झोपवणं घाईचं होईल. पार्वोतून वाचलेलं पिल्लू बहुतेक वेळा पूर्ण बरं होतं, मागे व्यंग राहत नाही. डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांचा मेंदूपर्यंत जाणारा दुसरा विषाणूजन्य आजार असता, डोक्याला आचके आणि झटके येत असते, तर मी तुम्हाला वेगळं सांगितलं असतं.

‘जिथून आणलं तिथे सोडून ये’ हा सल्ला तुम्हाला अजून कुणी दिला नसेल तर देईल. तो पर्यायच नाही. उपासमार किंवा तहान होईल अशा अवस्थेत जनावर टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी तिच्या शीतून तो विषाणू स्टँडमागच्या प्रत्येक पिल्लाला मिळेल. ‘एखाद्या संस्थेला देऊन टाक’ हेही वाटतं तेवढं सोपं नाही. पार्वोचं पिल्लू आत घेतलं तर तिथल्या लस न झालेल्या सगळ्या पिल्लांच्या जिवावर बेततं. त्यामुळे वेगळी खोली नसेल तर चांगली संस्था नाहीच म्हणेल. त्यांच्यावर चिडू नका. औषधं कमी दरात कुठे मिळतील, कुणी अनुभवी माणूस फोनवर बोलेल का, एवढं मागितलं तर बहुतेक जण मदत करतात.

पैशाचा भार थोडा हलका होऊ शकतो. तुमच्या तालुक्यात सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असणारच. तिथे गाई-म्हशींची गर्दी असते म्हणून कुत्रंवाले फिरकत नाहीत, पण तिथले डॉक्टर कुत्रीही बघतात आणि फी नाममात्र असते. निदान सकाळचं सलाईन तिथे होईल का, विचारून बघा. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्याच जिल्ह्यात आहे. इतर वाचकांसाठी: मुंबईत परळला, नागपूरला, परभणीला, उदगीरला अशीच महाविद्यालयं आहेत आणि त्यांना जोडून दवाखाने. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय तर एकोणिसाव्या शतकापासून जनावरांसाठी चालू आहे. फक्त अर्धमेल्या पिल्लाला थंडीत दोन तास गाडीवरून नेऊ नका. आधी जवळ सलाईन लावून घ्या, मग लांबचा विचार. गावातल्या प्राणिप्रेमींच्या ग्रुपवर मदत मागायची असेल तर दवाखान्याचं बिल टाका आणि पैसे थेट दवाखान्यातच भरायला सांगा. पुढची किटकिट वाचते.

भिशीचं मात्र आज सांगून टाका. तुमचे पैसे आहेत, तुम्ही कुणाला हिशोब देणं लागत नाही, हे मलाही मान्य. पण तुम्हाला या घरात अजून चार रात्री माणसांची मदत लागणार आहे, आणि लपवलेला खर्च तिसऱ्या दिवशी औषधाच्या पिशवीतून चिठ्ठी पडून बाहेर येतो, नेमका भांडणाच्या वेळी. नवऱ्याला ‘माया नाही का तुम्हाला’ असं विचारू नका. त्याला आकडा आणि तारीख सांगा. ‘एवढे पैसे, या दिवसापर्यंत, त्यापुढे मी थांबेन.’ न संपणाऱ्या खर्चाला बिचकणारा माणूस ठरलेल्या खर्चाला बरेचदा तयार होतो. जातिवंत पिल्लाचं म्हणत असेल तर हळूच सांगा की लस नसलेल्या लॅब्रॅडॉरलाही पार्वो असाच होतो आणि त्याचं सलाईन काही स्वस्तात मिळत नाही. आणि त्याच्याकडून सहानुभूतीपेक्षा काम मागा. संध्याकाळी गाडी काढून दवाखान्यात नेणं हे त्याचं. सासूबाईंकडून फक्त एवढंच की तुम्ही कामावर असताना तासा-दोन तासांनी दार उघडून बघायचं आणि काही वेगळं दिसलं तर फोन करायचा. तुम्ही सगळंच एकटीनं अंगावर घेतलंत की इतरांना हात झटकायला सोपं जातं. ‘आता निस्तर’ हे म्हणायला त्यांना जागा तुम्हीच करून दिलीत, असं थोडं वाटतं मला, रागावू नका.

घरातल्या काळजीबद्दल. औषधांची नावं मी मुद्दाम देत नाही, ती डॉक्टर देतील. आणि माणसांच्या गोळ्या, पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, जुलाब थांबवायच्या गोळ्या, यातलं काहीही आपल्या मनानं द्यायचं नाही. उलट्या चालू आहेत तोवर तोंडात जबरदस्तीनं काही ओतायचं नाही. हळदीचं पाणी, पपईच्या पानाचा रस, दही, मीठ-साखरेचं पाणी, सगळे सांगतील, सगळे कळकळीनंच सांगतील. पण मलूल पिल्लाला सिरिंजनं पाजलेलं पाणी अन्ननलिकेऐवजी फुप्फुसात जाऊ शकतं, आणि मग न्यूमोनिया. उलटी थांबली की कधी आणि किती द्यायचं हे डॉक्टरांना विचारा. सुरुवातीला चमचाभर पेज, ती राहिली तर दोन तासांनी पुन्हा चमचाभर. पोट फार दिवस रिकामं ठेवणंही बरं नाही.

खरं काम उबेचं आहे. पुठ्ठ्याच्या खोक्यात जुनी चादर, तिच्याखाली गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून, आणि तीही खोक्याच्या एकाच बाजूला, म्हणजे नको झालं तर तिला सरकता येईल. बाटली दर थोड्या वेळानं बदलायची. गार झालेली बाटली उलट तिचीच ऊब ओढून घेते. वर्तमानपत्राच्या घड्या घाला, शी झाली की वरची काढून पिशवीत. तो वास, सडक्या मांसाला रक्ताचा दर्प मिसळल्यासारखा, नाकातून दोन दिवस जात नाही. त्याला इलाज नाही. ओठ वर करून हिरडी बघत जा. ती गुलाबी आणि ओलसर हवी. बोटानं दाबून सोडली की पांढरी होते आणि दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. चिकट, फिकट किंवा परत रंगच येत नसेल तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन. डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून ताप बघा. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट ठीक, ९९ च्या खाली गेला तर गंभीर. (त्या थर्मामीटरवर नेलपॉलिशनं ठळक खूण करा आणि तो चिंगीच्याच सामानात ठेवा. कारण सांगायची गरज नाही.) अचानक लुळी पडली, थरथरायला लागली तर साखर उतरलेली असू शकते. मध किंवा साखरेचा पाक बोटाच्या टोकावर घेऊन हिरडीवर चोळा, तोंडात ओतू नका, आणि लगेच दवाखाना. कातडीखाली सलाईन दिलं असेल तर पाठीवर पाण्याची पिशवी लोंबल्यासारखं दिसेल. ते काही तासांत जिरतं. पुढच्या सलाईनपर्यंत जिरलंच नाही तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, रक्ताभिसरण मंदावल्याची ती खूण असते.

स्वच्छतेत बहुतेक घरं फसतात. फिनाईलनं हा विषाणू मरत नाही, गरम पाण्यानं पुसूनही नाही. आधी घाण साबणानं पूर्ण धुवून काढायची, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, कोविडच्या काळात फवारायचे ते हायपोच, फरशीवर दहा मिनिटं ओलं ठेवायचं आणि मग पुसायचं. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, आणि त्यात संडास धुवायचं अॅसिड किंवा दुसरं काही मिसळू नका, विषारी वायू होतो. चिंगीच्या खोलीची चप्पल वेगळी. ती घालून अंगणाबाहेर जायचं नाही, विशेषतः स्टँडकडे. मातीत आणि फटींत हा विषाणू महिनोन् महिने, कधी वर्षभरही टिकतो. तिची भावंडं तिथे असतील तर तुम्ही स्वतः जाण्यापेक्षा तिथल्या चहावाल्याला किंवा पाव टाकणाऱ्या माणसाला फोन करून सांगा. त्यांतलं एखादं आजारी असेल तर तासांचाही फरक पडतो.

लेकीला काय सांगायचं? आहे ते. चिंगीच्या पोटात फार मोठं दुखणं आहे, डॉक्टर औषध देताहेत, ती बरी होईल किंवा मरेल, आपल्याला अजून माहीत नाही. सहा वर्षांच्या मुलीला हे समजतं. ‘गावाला पाठवली’ असं सांगू नका. मुलं पुढे महिनाभर गावाची चौकशी करत राहतात आणि मग मोठ्यांना रोज नवीन खोटं रचावं लागतं. तिनं बोट पुढे केलं म्हणून चिंगी आजारी पडली असं तिच्या मनात नाही ना, तेवढं एकदा विचारा. मुलं असले हिशोब गुपचूप करून बसतात.

ती गेली तर प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळून नगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे सोपवा, किंवा स्वतःच्या जागेत, विहिरीपासून लांब, खोल खड्डा घेऊन पुरा. आणि लेकीचं रडू थांबवायला पुढच्या आठवड्यात दुसरं पिल्लू आणू नका. वर्षभर तरी त्या घरात लस पूर्ण न झालेलं पिल्लू नको.

वाचली तर पुढचे दोन-तीन आठवडे तिच्या शीतून विषाणू पडत राहील, तोवर तिला बाहेर फिरवू नका. खाणं हळूहळू वाढवा. भुकेनं ती वाटीवर तुटून पडेल, तरी थोडं थोडंच. अंगात ताकद आली की जंताचं औषध आणि लसी. पार्वो होऊन गेलाय म्हणून लस नको असं कुणी म्हणेल. डिस्टेंपर आणि रेबीज बाकीच असतात, तेव्हा लस घ्यायचीच. पिल्लांच्या लसी सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी देतात, एकाच डोसवर थांबत नाहीत.

तिला ठेवायचं की कुणाला द्यायचं, यावर आज घरात वाद घालू नका, त्याला महिनाभर तरी वेळ आहे. उचललंत म्हणून आयुष्यभर ठेवलंच पाहिजे असा काही करार झालेला नाही. द्यायचं ठरलं तर मादी आहे म्हणून घेणारे नाक मुरडतील, आणि जो आनंदानं नेईल तोही पहिल्या वेतानंतर पिल्लं पुन्हा त्याच स्टँडमागे आणून सोडेल. म्हणून देताना लसीचं कार्ड हातात द्या, माणसाचं घर एकदा बघून या, आणि सहाव्या महिन्याच्या आसपास नसबंदी कोण करणार, पैसे कोण देणार, हे आधी बोलून घ्या. जमलं तर ती तुम्हीच करून मग द्या.